कुणाची माणसं?

‘ही आमची माणसं’ असं कुणी राज्यकर्ता बोलला की मी आधी माझा खिसा चाचपतो. मित्रांनो, हसू नका. जिआनदाओचा इतिहास वाचा.

त्युमेन नदीच्या उत्तरेला मांचुरियाचा हा पट्टा. 1869-70च्या दुष्काळात उत्तर कोरियातले भुकेकंगाल शेतकरी नदी ओलांडून इथं शिरले. जंगल तोडलं, पडीक जमीन उठवली. चीनचे छिंग अधिकारी म्हणाले, जमीन पाहिजे तर आमच्यासारखी वेणी ठेवा, आमचे कपडे घाला. कोरियाचा दरबार म्हणाला, 1712च्या सीमेच्या दगडावरली नदी दुसरीच, मुलूख आमचा. दोन दरबार दगडावरच्या अक्षरासाठी भांडत होते. नांगर धरणाऱ्याला कोण विचारतो!

मग जपान आला. 1905ला त्यानं कोरियाचा परराष्ट्र कारभार बळकावला. 1907ला लोंगजिंगला कचेरी थाटली. कशासाठी? तर कोरियन रयतेच्या रक्षणासाठी! कोरियाच्या दाव्याचं वकीलपत्र त्यानं आपणहून घेतलं. आणि 4 सप्टेंबर 1909ला चीनशी करार करून मोकळा झाला : त्युमेन हीच हद्द, जिआनदाओ चीनचा. बदल्यात रेल्वे वाढवायचा हक्क. त्याच दिवशीच्या दुसऱ्या करारात फूशुनच्या कोळसाखाणी. कोरियाची सही कुठंच नाही. वकिलानं अशिलाचं घर विकलं, दलाली खिशात घातली.

जमीन सोडली, माणसं सोडली नाहीत. 1910ला कोरिया गिळला आणि जिआनदाओतला कोरियनही जपानी प्रजा ठरला. त्यानं चीनचं नागरिकत्व घेतलं तरी जपान ते मानीना. कारण तो जिथं, तिथं आपला पोलीस धाडायला निमित्त! साहजिकच चिनी माणसाला तो जपानचा हस्तक वाटू लागला. घर ना घाट.

ऑक्टोबर 1920ला ही रक्षणकर्ती फौज स्वातंत्र्यसैनिक हुडकायला घुसली. गावं, शाळा, चर्चेस जाळली. माणसं मारली, तीही हजारांत. कॅनेडियन मिशनऱ्यांनी ती राख डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलीय. 1931-32ला अख्खा मांचुरिया घेतला. 1938ला कोरियन पोरांच्याच हाती बंदुका देऊन जिआनदाओची खास तुकडी उभारली, गनिमांवर सोडली. त्या गनिमांतही कोरियनच होते.

पण माझ्या जिव्हारी लागतं ते वेगळंच. 1932ला मिनसेंगदान नावाची जपानधार्जिणी संघटना निघाली, काही महिन्यांत बुडालीही. संशय तेवढा उरला. त्या संशयापायी कम्युनिस्ट गनिमांच्या छावण्यांत शेकडो कोरियन कॉम्रेड हेर म्हणून मारले गेले. ज्या जपानशी ते लढत होते, त्याचेच हस्तक म्हणून! मालकानं ‘आमची’ म्हटलं, साथींनी ‘त्यांची’ म्हटलं. दोन्हीकडून मरण एकाचंच.

1952पासून तिथं यानबियान हा कोरियनांचा स्वायत्त प्रदेश आहे, चीनमध्ये. दक्षिण कोरियात काहीजण आजही 1909चा करार रद्दबातल म्हणतात. करार बनावाचा होता, हे मलाही मान्य. पण पुन्हा नकाशाच का? त्या जमिनीत ज्यांची हाडं झिजली त्यांचं म्हणणं कोण ऐकणार?

गड्यांनो, रक्षणकर्ता दारात आला तर पाट मांडू नका. आधी विचारा : आमच्या नावावर काय विकायला निघालायस?