नवा ज्युनिअर आणि तुमची चिडचिड

नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली आणि बॉस म्हणतो, ‘या नव्या मुलाला तू सांभाळ.’ मुलगा रोज अकराला उगवतो, मीटिंगमध्ये रील्स बघतो, काम राहिलं की हात जोडलेला इमोजी टाकून मोकळा! वैताग येणारच.

पण ‘आजकालची मुलं...’ म्हणण्याआधी थोडं थांबा. २०२४ मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्यांना महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन. अशा योजनांतून कित्येकांनी ऑफिस पहिल्यांदाच पाहिलं. उशीर होणार असेल तर आधी कळवायचं, हे कॉलेजात कोण शिकवतं? ते तुम्हीच सांगायचं, चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन. ‘तू बेजबाबदार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘काल तुझा रिपोर्ट आला नाही, म्हणून टीम आठपर्यंत थांबली’ असं सांगा. काय बदलायला हवं, ते मेलवर लिहून द्या. तरीही तेच चाललं, तर बॉसच्या कानावर घाला. ती चुगली नव्हे. त्याचं काम गुपचूप उरकत बसलात, तर तो शिकणार कधी?

मात्र सहकारी मुलीवर अश्लील शेरे मारले, तर ‘नवीन आहे, शिकेल’ चालणार नाही. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिथे तक्रार करायची असेल, तर तिच्या बाजूने उभे राहा.