‘वय झालं’ हे निदान नाही

सारनाथला धमेक स्तूपापाशी आईने चपला काढल्या, तेव्हा तिच्या पावलांवर पट्ट्यांचे खोल वळ दिसले. बोटाने दाबलं तर खळगा पडत होता आणि बराच वेळ भरून येत नव्हता. नागपूरहून निघालेल्या आमच्या धम्मयात्रेच्या बसचा तो चौथा दिवस. बसमधली बहुतेक माणसं साठी ओलांडलेली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, बसून बसून सुजतात. आई म्हणाली, "वय झालं न बाबू आता."

संध्याकाळी तिला वाराणसीत लंका भागात घेऊन गेलो. विद्यापीठाच्या सिंहद्वारासमोर औषधांची दुकानं, लॅब आणि दवाखाने यांची गर्दी आहे. एका दवाखान्यात बीपी निघालं १६४/७२. "नीचेवाला ठीक है," डॉक्टर म्हणाले, "उम्र हो गई है माताजी की." लॅबमधून रक्ताचा रिपोर्ट आला: क्रिएटिनिन १.३. शेजारी छापलेली नॉर्मल मर्यादा ०.६ ते १.३. म्हणजे सगळं ठीक. आईला हायसं वाटलं. मलाही वाटलं असतं, पण आमच्या घरात रिपोर्ट वाचणारा मी एकटाच आहे. माझ्या वाचण्यात चूक झाली तर ती दुरुस्त करायला दुसरं कोणी नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हेच असेल.

धर्मशाळेत बसून मोबाईलवर हिशोब केला. २५ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.३ असेल, तर त्याच्या किडनीची रक्त गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टातला ईजीएफआर, साधारण ७८ येतो. ६८ वर्षांच्या बाईचं तेच १.३ असेल तर येतो ४५. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभरच्या आसपास असतो. तो तीन महिन्यांहून जास्त काळ साठच्या खाली राहिला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. त्या लॅबने ईजीएफआर छापलाच नव्हता. एकाच कागदावर, एकाच मर्यादेत, तरुण पुरुष आणि म्हातारी बाई दोघंही ‘नॉर्मल’ ठरत होती.

आता ‘नीचेवाला ठीक है’ याचं बघू. हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी रबरासारखी असते. हृदयाने रक्ताचा झोत सोडला की ती फुगते, मग आकसते, आणि पुढे रक्त जातं ते बऱ्यापैकी संथ होऊन. वय, जास्त बीपी, शुगर, तंबाखू यांनी तिची लवचीकता जाते. उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या पाण्याच्या पाइपसारखी ती टणक होते. मग वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. १६४ आणि ७२ यांतलं ९२ चं अंतर हीच तर खूण आहे. खालच्या आकड्याने निश्चिंत व्हायचं कारण नाही. दोन्ही किडन्या मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. त्यामुळे टणक धमनीतून आलेला प्रत्येक ठोका थेट किडनीतल्या केसांहून बारीक नळ्यांवर आदळतो. गाळणी फाटू लागते, प्रथिनं लघवीत उतरतात. आणि हे सगळं होत असताना काहीही दुखत नाही.

मग हे वयामुळेच नाही का? थोडं आहे, पण सगळं नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात काही शेकडा माणसांची किडनी वर्षानुवर्षं मोजली गेली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी क्षमता वर्षाला पाऊण एककाने घटत होती, पण सुमारे एकतृतीयांश माणसांची काहीच घटली नव्हती. त्यातले बहुतेक गोरे, शिकलेले, सुस्थितीतले पुरुष होते. म्हणजे चांगलं आयुष्य मिळालं तर म्हातारपणीही किडनी शाबूत राहू शकते. आमच्या आयांची का राहत नाही, हा प्रश्न वैद्यकाच्या जोडीने समाजशास्त्राचाही आहे.

किडनीतल्या गाळण्या, नेफ्रॉन, आईच्या पोटातच तयार होतात. जन्मानंतर नवा एकही होत नाही. बाळ कमी वजनाचं जन्मलं तर नेफ्रॉन कमी घेऊन येतं आणि उरलेल्यांवर आयुष्यभर जास्त भार पडतो. म्हणजे आजीने गरोदरपणात उपाशीपोटी केलेली मजुरी नातवाच्या आईच्या किडनीत जमा आहे. माझी आई १९७२ च्या दुष्काळात सोळा वर्षांची होती आणि खडी फोडत होती. पुढे वीटभट्टी, पुढे लोकांच्या घरची भांडी. गुडघे गेले. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून सुट्ट्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, वर्षानुवर्षं. ही वेदनाशामकं किडनीकडे रक्त नेणारी नळी आवळतात. बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक, तिन्ही एकत्र आणि वर पाणी कमी, हे म्हाताऱ्या किडनीसाठी सगळ्यात वाईट गणित. आमच्या बसमध्ये मागच्या सीटवरचे काका नेमके हेच करत होते.

आईचं वेगळंच होतं. तिने यात्रेत बीपीची गोळी बंद केली होती आणि पाणी पिणंही. का, तर "पानी पेलं का गाडी थांबवा लागते." बाप्ये रस्त्याच्या कडेला उतरतात. बायांनी कुठे जायचं? जन्मभर शेतात, भट्टीवर, बांधकामावर तिने हेच केलं आहे. शौचालय नसणं हा सन्मानाचा प्रश्न आहे, हे आपण नेहमी लिहितो. तो तहानेचा आणि किडनीचाही आहे, हे मी स्वतः या बसमध्ये शिकलो.

दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्र घाटावर गेलो. डोम समाजाची माणसं चितांच्या धगीत उभी राहून लाकडं सारखी करत होती. काशीत मोक्ष मिळतो म्हणून देशभरातून प्रेतं येतात. तो मोक्ष देणाऱ्याच्या घामाचा आणि तहानेचा हिशोब कोण ठेवतं? विद्यापीठापासून जवळच सीर गोवर्धनपूर आहे, संत रविदासांचं जन्मस्थान. ज्या वस्तीतून ‘बेगमपुरा’ची कल्पना निघाली, तिच्या इतक्या जवळ उत्तर भारतातलं एक मोठं सरकारी रुग्णालय उभं आहे. तरी इथल्या किती म्हाताऱ्यांची लघवी कधी तपासली गेली असेल?

जातीचा आणि आयुष्याचा संबंध मी भावनेने जोडतो आहे, असं वाटत असेल तर २०२२ चा एक अभ्यास बघा. उत्तर प्रदेशासह नऊ राज्यांत दलितांचं अपेक्षित आयुर्मान उच्चजातीय हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक, तर आदिवासींचं चार वर्षांहून अधिक कमी निघालं. आर्थिक स्थितीचा फरक लक्षात घेऊनही निम्म्याहून कमी तफावतीचाच उलगडा झाला. उरलेली कशाची, हे या स्तंभाच्या वाचकांना सांगायला नको.

सूत्रंसुद्धा निष्पाप नसतात. ईजीएफआरच्या सूत्रात अमेरिकेत अनेक वर्षं काळ्या माणसाचा आकडा मुद्दाम वाढवला जात होता, २००९ च्या सूत्रात सुमारे १६ टक्क्यांनी. कारण दिलं जायचं की त्यांचे स्नायू जास्त असतात. परिणाम असा की किडनी निकामी होत असतानाही कागदावर ती बरी दिसायची आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांचा नंबर उशिरा लागायचा. २०२१ मध्ये तो गुणक काढला गेला आणि २०२३ पासून हजारो काळ्या रुग्णांचा गेलेला प्रतीक्षाकाळ त्यांना परत मोजून देण्यात आला. हे आपोआप झालं नाही. त्यांच्याच समाजातून शिकून आलेल्या डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले. आपल्याकडे उलटी अडचण आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. आयुष्यभर अर्धपोटी राहिलेल्या कृश शरीरात ते मुळातच कमी असतं. त्यामुळे सूत्राने काढलेला आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. माझ्या आईचे ४५ खरोखर ४५ आहेत का, याची मला खात्री नाही.

सारनाथला बसल्या बसल्या बाबासाहेब आठवले. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेनंतर ते इथे आले होते. वय ६५, मधुमेह, थकलेले पाय. दोन आठवड्यांच्या आत ते गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी विचारलं आहे की म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही गोष्ट पटण्यासारखी आहे का? २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता? त्याऐवजी त्यांनी कारण दिलं ते शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाणीतंट्याचं. म्हातारपणाकडे बोट दाखवून गप्प बसणं त्यांना मान्य नव्हतं.

सरकारकडे पैसा नाही असंही नाही. जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस देण्याची राष्ट्रीय योजना २०१६ ची आहे. आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचे उपचार होतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न बघता. पण ते कार्ड दाखल झाल्यावर चालतं. ओपीडीतली तपासणी आणि रोजची गोळी त्यात बसत नाही. त्या आरोग्य केंद्रात मोफत मिळायला हव्यात. कधी मिळतात, कधी साठा संपलेला असतो. म्हणजे किडनी गेल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनवर झोपायची सोय आहे, ती जाऊ नये म्हणून लागणाऱ्या लघवीच्या तपासणीची नीट सोय नाही. डायलिसिस फुकट असलं तरी प्रवास फुकट नसतो, आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडतेच. बहुधा ती सोबत तुमचीच असते, नोकरीच्या पहिल्या वर्षात.

म्हणून घरातल्या साठीपुढच्या माणसाचा रिपोर्ट हातात आला की फक्त मर्यादेचा रकाना पाहू नका. वय घालून ईजीएफआर काढा. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी, म्हणजे एसीआर, मागा; तो ३० च्या खाली हवा. वरचा बीपी विचारा. गुडघ्याच्या गोळ्या कोणत्या आणि किती दिवस, हे त्यांच्या डबीतच उघडून पाहा, विचारलं तर ते सांगत नाहीत. आणि एका रिपोर्टवरून घाबरू नका: पाणी कमी पडलं तर क्रिएटिनिन तात्पुरतं चढतं, पायाची सूज अॅम्लोडिपिनच्या गोळीनेही येते.

आईची तपासणी तीन महिन्यांनी नागपुरात पुन्हा केली. ईजीएफआर ५१, एसीआर १४०. डॉक्टरांनी बीपीचं औषध बदललं, डायक्लोफिनॅक बंद केलं, गुडघ्यांसाठी शेक आणि व्यायाम सांगितला. ती व्यायाम करत नाही. पाणी मात्र पिते. यात्रेच्या मंडळाला मी पत्र लिहिलं की पुढच्या वेळी बायांसाठी शौचालय असलेल्या ठिकाणी दर दोन तासांनी बस थांबवा. त्यांनी मान्य केलं. आता बसमधले लोक मला व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट पाठवतात. आतापर्यंत चौदा आलेत. त्यातल्या अकरा जणांची लघवी कधीच तपासलेली नाही.