मेजर, मायनर आणि आपली मुले

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान हेही त्यांनी तिथे शिकून घेतले. जातिसंस्थेवरचा त्यांचा १९१६ चा निबंध वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात.

नव्या शैक्षणिक धोरणाने विषय निवडीची अशीच मोकळीक मेजर-मायनरच्या नावाने देऊ केली आहे. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. कागदावर छान आहे. पण संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. दिवसा कॉलेज आणि रात्री काम करणारी आपली किती मुले तिथवर पोहोचतील? आणि ज्या कॉलेजात इतिहास मेजर म्हणून मिळतच नाही, तिथे ही मोकळीक कोणाच्या कामाची?

खरी काळजी 'एक्झिट'ची आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. परत यायला तीन वर्षांची मुदत. याला सवलत म्हणतात. आम्हाला ती गळतीला दिलेले गोंडस नाव वाटते. शिष्यवृत्ती रखडली की या दारातून आधी कोण बाहेर पडणार, हे सांगायला नको.

म्हणून प्रवेशाआधीच कॉलेजात विचारा: मेजर कोणते, मायनर कोणते, शिकवायला प्राध्यापक आहेत का? इतिहास किंवा समाजशास्त्र मेजर मिळत नसेल, तर निदान मायनर घ्या. बारावीच्या गुणवंतांचे सत्कार आपण विहारात करतोच. त्याच कार्यक्रमात अर्धा तास हा क्रेडिटचा हिशेब फळ्यावर मांडायला काय हरकत आहे?