मनुष्यबळ : एका समासाची चिकित्सा

आंतरराष्ट्रीय नोकरभरतीची परिभाषा हा व्यवस्थापनशास्त्राचा प्रांत, त्यात मराठीच्या प्राध्यापकाचे काय काम, असे कोणी विचारील. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. आपल्या वर्गांतून बाहेर पडणारी मुले उद्या याच परिभाषेखाली सही करणार आहेत. शब्द तपासणे हा आपला व्यवसाय असेल, तर हे शब्दही तपासायला हवेत.

'मनुष्यबळ' हा तत्पुरुष समास आहे. तत्पुरुषात दुसरे पद प्रधान असते. म्हणजे येथे महत्त्व बळाला. मनुष्य केवळ ते बळ कोणाचे, हे सांगण्यापुरता. जर्मन भाषेत कुशल कामगारासाठी रूढ असलेल्या 'फाखक्राफ्ट' या शब्दाचीही घडण अशीच आहे : 'क्राफ्ट' म्हणजे बळ. दोन भाषांनी एकच चूक स्वतंत्रपणे करावी, हे नुसते योगायोगाचे लक्षण नव्हे.

या चुकीला इतिहास आहे. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून पश्चिम जर्मनीने कामगार आणले आणि त्यांना 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणा कामगार, हे नाव रूढ झाले. आपल्याकडे पाहुण्याला कामाला लावत नाहीत आणि कामाला लावलेल्याला पाहुणा म्हणत नाहीत. तरीही हा जोडशब्द टिकला, कारण पाहुण्याचा एकच गुण त्यात अभिप्रेत होता : तो परत जातो. तुर्की कामगारांसाठी आरंभी दोन वर्षांची मुदत होती. दर खेपेला नवी माणसे शिकवून तयार करणे कारखानदारांनाच परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ती अट गेली. १९७३ मध्ये भरती थांबली, तोपर्यंत सुमारे १ कोटी ४० लाख लोक येऊन गेले होते आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी १० लाख परतले होते. उरलेल्यांनी, एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे ओळखून, बायकामुलांना बोलावून घेतले. तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांना काही अटींवर जन्मतःच नागरिकत्व मिळू लागले ते २००० पासून. शब्दाने केलेला अन्याय निस्तरायला एवढा काळ लागला.

आजची परिभाषा अधिक सभ्य आहे, पण तिच्यात एक उतरंड आहे. कंपनीने काही वर्षांसाठी पाठवलेल्या अभियंत्याच्या जाण्याला 'मोबिलिटी' म्हणतात. त्याची मूळ नोकरी शाबूत असते. २०१७ पासून अमलात असलेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारामुळे ठरावीक मुदतीपर्यंत त्याचा भविष्यनिर्वाह निधी येथेच चालू राहू शकतो. परिचारिकेच्या जाण्याला मात्र 'भरती' म्हणतात. तिची पदवी तेथे मान्य व्हावी लागते, जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते आणि मान्यता मिळेपर्यंत बहुधा मदतनीस म्हणून काम करावे लागते. दोघेही पोटासाठीच परदेशी गेले. एकाच्या वाट्याला गतिशीलता आली, दुसरीच्या वाट्याला प्रतीक्षा.

यावर कोणी म्हणेल की हे भय अनाठायी आहे. आक्षेपात तथ्य आहे. मार्च २०२० पासून लागू झालेला जर्मनीचा कायदा कुशल कामगाराला पाहुणा मानत नाही. तो त्याला स्थायिक होण्याची वाट देतो. २०२४ च्या सुधारणेनंतर सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्वाचा अर्जही करता येतो. मुलांनी जरूर जावे. प्रश्न जाण्याचा नाही, वाक्यातील स्थानाचा आहे. 'कामगार परदेशी गेला' हा कर्तरी प्रयोग. 'कंपनीने कामगाराला परदेशी पाठवले' हा भावे. दुसऱ्या वाक्यात क्रियापद कामगाराच्या लिंगवचनाची दखलही घेत नाही.

म्हणून भाषेच्या विभागांनी जर्मन वर्णमाला शिकवून थांबू नये, विद्यार्थ्यांबरोबर करारनामे वाचावेत. शिकवणीचा खर्च कोणाचा? मान्यता मिळेपर्यंत पद कोणते, वेतन किती? नोकरी मध्येच सोडली तर काय परत करावे लागेल? साध्या वाटणाऱ्या वाक्यात कर्ता कोठे लपला आहे, हे शोधण्याची सवय साहित्याच्या वर्गातच लागते. ती परीक्षेपुरती ठेवणे आता परवडणारे नाही.