स्मार्टफोनच्या सॉफ्टवेअर अपडेटची मुदत आणि नेटवर्क-जोडणीची जबाबदारी निश्चित करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. सचिव, दूरसंचार विभाग, भारत सरकार

विषय : स्मार्टफोनला अपडेट किती वर्षे मिळणार हे विक्रीच्या वेळी जाहीर करणे बंधनकारक करावे आणि अपडेटमुळे किंवा अपडेटअभावी फोन नेटवर्कवर चालेनासा झाल्यास जबाबदारी कोणाची हे ठरवून द्यावे.

माननीय महोदय,

रेंज पूर्ण आहे, रिचार्ज संपलेला नाही, सिम नीट बसलेले आहे, तरीही फोन लागत नाही. लागला तर आवाज एकाच बाजूने येतो. बँकेचा ओटीपी त्याची मुदत उलटून गेल्यावर येतो. रात्री अपडेट झालेला फोन सकाळी फोरजी सोडून टूजीवर अडकून बसतो. ही तक्रार घेऊन ग्राहक सिमकार्डाच्या दुकानात गेला की त्याला ‘हँडसेट चेक करून घ्या’ असे सांगितले जाते, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये गेला की ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, सिम बदलून बघा’. हँडसेट बनवणारी कंपनी आणि मोबाईल सेवा देणारी कंपनी, दोघीही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली आपापल्या जागी उत्तरदायी आहेत. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलेलेच आहे. पण फोन आणि टॉवर यांना एकमेकांशी बोलते करणारे जे सॉफ्टवेअर आहे, त्याचा वाली कोण, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे, की ज्या सॉफ्टवेअरशिवाय फोन नेटवर्कवर चालू शकत नाही, ते विकलेल्या मालाचाच भाग आहे. त्याची दुरुस्ती किती वर्षे मिळेल हे विकताना सांगणे आणि तेवढी वर्षे ती देणे हे कंपनीचे कायदेशीर कर्तव्य ठरले पाहिजे.

अपडेट म्हणजे पडद्यावरची नवी चिन्हे आणि रंग, असा समज असल्यामुळे हा प्रश्न हौसेचा वाटतो. प्रत्यक्षात फोनमधल्या मोडेमचे स्वतःचे फर्मवेअर असते. कोणत्या कंपनीच्या जाळ्यावर कोणते बँड वापरायचे, व्होल्टीई म्हणजे फोरजीवरचा कॉल कसा जोडायचा, फाइव्हजी कोणत्या पद्धतीने पकडायचे, याची सेटिंग कंपनीनिहाय फोनमध्ये भरलेली असते आणि ती अपडेटमधूनच येते. याचा सर्वांत ढळढळीत पुरावा देशाने २०२२ मध्ये पाहिला. १ ऑक्टोबरला फाइव्हजी सेवेचे उद्घाटन झाले. लाखो ग्राहकांच्या हातात त्याआधीच ‘फाइव्हजी’ म्हणून विकलेले फोन होते आणि त्यांतली यंत्रसामग्रीही फाइव्हजीचीच होती. तरी त्यांतल्या अनेकांवर फाइव्हजी चालेना, कारण सॉफ्टवेअरने तो रस्ता उघडलेला नव्हता. एकाच फोनवर एका कंपनीचे फाइव्हजी चालते आणि दुसऱ्या कंपनीचे नाही, असेही घडले. दोघींनी उभारलेल्या जाळ्यांची रचना वेगळी होती आणि फोनला दोन्हींची सेटिंग स्वतंत्रपणे मिळायला हवी होती. सरकारला हँडसेट कंपन्यांना बोलावून घ्यावे लागले. आयफोन १२ आणि त्यापुढच्या मॉडेलांना भारतात फाइव्हजी मिळाले ते डिसेंबरच्या मध्याला आयओएस १६.२ आल्यावर. ज्या सुविधेचे पैसे ग्राहकाने आधीच मोजले होते ती केव्हा सुरू करायची, हे सर्वस्वी विकणाऱ्याच्या मर्जीवर राहिले.

वर्षे उलटतात तशी ही अडचण साध्या कॉलपर्यंत येऊन पोहोचते. जिओच्या जाळ्यात २०१६ पासूनच टूजी-थ्रीजी नाही, तिथे बोलायचे तर व्होल्टीईच लागते. बाकीच्या कंपन्यांनीही थ्रीजी आवरत आणले आहे. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस थ्रीजी बंद झाले तेव्हा उघड झाले, की काही फोन रोजचा कॉल फोरजीवर व्यवस्थित लावतात, पण आपत्कालीन क्रमांक लावताना सॉफ्टवेअरमधल्या जुन्या सेटिंगमुळे थ्रीजी शोधत बसतात. असे फोन जाळ्यातून बाद करण्याचा बंधनकारक आदेश तिथल्या शासनाला काढावा लागला. आपल्याकडे ११२ हा क्रमांक कोणत्या जुन्या मॉडेलवरून कसा लागतो, याची यादी ग्राहकाला कुठेही पाहता येत नाही. टूजी अजून शिल्लक आहे म्हणून हा धोका झाकलेला आहे. टूजी बंद करण्याची मागणी उद्योगातूनच होत असताना तो उघडा पडण्याची वाट पाहणे योग्य नव्हे.

‘नको असेल त्याने स्मार्टफोन वापरू नये’ असे म्हणण्याची सोय आता शासनानेच ठेवलेली नाही. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या गटात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, फोनने ते ठिकाण अक्षांश-रेखांशासह नोंदवायचे, आणि रेंज मिळेल तिथे जाऊन माहिती अपलोड करायची. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही, आणि पुढे नुकसानभरपाई किंवा हमीभावाने खरेदीच्या वेळी तेच आडवे येते. या ॲपच्या आवृत्त्या बदलत गेल्या; शेतकऱ्याचा फोन मात्र त्याच्या कंपनीने सोडून दिला तिथेच थांबलेला असतो. अंगणवाडी सेविकांची गोष्ट याहून बोलकी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. २ जीबी रॅमचे ते फोन तापतात, हँग होतात, पोषण ट्रॅकर हे नोंदींचे ॲप त्यांवर धड चालत नाही, ही त्यांची तक्रार होती. फोन हातात आला तेव्हा तो बिघडलेला नव्हता. ॲप वाढत गेले, फोन जिथल्या तिथे राहिला, आणि नोंदी वेळेत न भरल्याचा जाब मात्र सेविकेला विचारला गेला. मनरेगाच्या कामावरची हजेरीही जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर फोटोसह घेणे बंधनकारक झाले, तेही दिवसातून दोनदा. मजुरी, पोषण आहार आणि पीकनोंद ज्या यंत्रावर अवलंबून आहेत, त्या यंत्राचे आयुष्य किती हे खरेदीदाराला माहीत नसावे, ही गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते.

कोणत्याही नव्या फोनचे खोके उलटे करून पाहावे. एमआरपी, उत्पादनाचा महिना, उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर, आयएमईआय, इतके सगळे तिथे असते. रेडिएशनचे ‘सार’ मूल्य किती, हेही कंपनीला सांगावे लागते. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ उघडले तर शेवटची सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेची आहे तेही दिसते. पण या अपडेट केव्हा थांबणार, ती तारीख ना खोक्यावर असते, ना पडद्यावर, ना दुकानातल्या पाटीवर. ज्या कंपन्या ‘इतकी वर्षे अपडेट’ म्हणून जाहिरात करतात, त्यांची वर्षे बहुधा मॉडेल बाजारात आल्याच्या दिवसापासून मोजलेली असतात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये दीड-दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल सवलतीत घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातला उरलेला तुकडाच येतो, आणि हे त्याला बिलावरही कोणी लिहून देत नाही. कमी किमतीचे फोन याच पद्धतीने सर्वाधिक खपतात, त्यामुळे सर्वांत कमी आयुष्याचा फोन सर्वांत गरजू माणसाकडे जातो. म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की प्रत्येक मॉडेलच्या खोक्यावर, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सुरक्षा व नेटवर्क अपडेट अमुक महिना, अमुक वर्षापर्यंत’ असे ठळक आणि प्रादेशिक भाषेतही लिहिणे बंधनकारक करावे, आणि ही मुदत त्या मॉडेलचा शेवटचा नग विक्रीला आणल्यापासून किमान ५ वर्षे असावी. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेटची किमान मुदत जाहीर करावीच लागते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून शेवटचा नग बाजारात आल्यानंतर ५ वर्षे अपडेट मोफत उपलब्ध ठेवण्याची तरतूद लागू झाली आहे. त्या तरतुदीची भाषा सैल असून तीत ‘अपडेट काढली तर’ एवढीच सक्ती निघते, अशी टीका तिथेच झाली. आपला मसुदा करताना ही फट आधीच बुजवावी.

यावर पहिला आक्षेप किमतीचा घेतला जाईल: सात-आठ हजारांच्या फोनला ५ वर्षे सांभाळायचे तर तो दहा हजारांना विकावा लागेल. तारीख छापायला खर्च येत नाही, हे आधी नोंदवतो. उरला प्रश्न अपडेटचा. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या महागड्या मॉडेलांसाठी ७ वर्षांची हमी दिली, तेव्हा तंत्राची अडचण नाही हे सिद्ध झाले. स्वस्त मॉडेलांना दरवर्षी नवे अँड्रॉइड द्या, असे आमचे म्हणणे नाहीच. त्यांच्या प्रोसेसरला ते झेपणार नाही हे आम्हाला मान्य आहे. आम्ही मागतो आहोत ती सुरक्षेची आणि नेटवर्कची डागडुजी, जी आकाराने लहान असते आणि एकाच चिपसेटवरच्या कितीतरी मॉडेलांना थोड्या फरकाने लागू पडते. यामुळे किंमत थोडी वाढली तरी दर दोन-अडीच वर्षांनी फोन बदलण्याच्या खर्चापुढे ती वाढ किरकोळ ठरेल. आणि फोन लवकर बाद झाल्याने जो ई-कचरा वाढतो, त्याचा खर्च आज कंपनीच्या हिशेबात दिसतही नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूचा आहे आणि तो ग्राहकच घेतात: अपडेटनेच फोन बिघडतो, मग त्या आणखी कशाला मागता? हा आक्षेप खोटा नाही. जुन्या फोनचा वेग अपडेटने मंदावल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ॲपल आणि सॅमसंग या दोघांनाही दंड केला. ग्राहकांना पुरेशी कल्पना न दिल्याबद्दल फ्रान्सने २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड लावला. आपल्या प्राधिकरणानेही आयओएस १८ नंतरच्या तक्रारींवरून जानेवारी २०२५ मध्ये ॲपलला नोटीस काढली, याची आम्ही कृतज्ञतेने नोंद घेतो. पण नोटीस ही एका प्रकरणापुरती असते, नियम सर्वांना लागतो. सुरक्षा-नेटवर्कची दुरुस्ती आणि नव्या सोयींची मोठी अपडेट या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात, म्हणजे दुसरी नाकारणाऱ्याची पहिली बंद होणार नाही. मोठ्या अपडेटआधी जागा किती लागेल, बॅटरीवर व वेगावर काय परिणाम संभवतो, हे फोनच्या निवडलेल्या भाषेत सांगावे. जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची मोकळीक सरसकट द्यावी असे आम्ही म्हणत नाही, कारण बुजवलेल्या सुरक्षा-फटी त्यातून पुन्हा उघडू शकतात. मात्र अपडेटनंतर ३० दिवसांत कॉल, डेटा, चार्जिंग किंवा डिस्प्ले बिघडला, तर वॉरंटी संपलेली असली तरी दुरुस्ती मोफत व्हावी, आणि अपडेटचा त्याच्याशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असावी. सामान्य माणूस मदरबोर्ड का गेला हे सिद्ध करू शकत नाही. कंपनीकडे त्याच्या नोंदी असतात.

हँडसेट कंपन्या म्हणतील की दोष बहुतेक वेळा टॉवरचा असतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, मेळघाटात, गडचिरोलीच्या आतल्या गावांत ते खरेही आहे. फोरजी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली ती त्यासाठीच. दूरसंचार नियामक ट्रायच्या ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार मोबाईल कंपन्यांना आपले कव्हरेज नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. त्या नकाशाला एका गोष्टीची जोड हवी: आपल्या जाळ्यावर व्होल्टीई, फाइव्हजी आणि ११२ कोणत्या मॉडेलवर, कोणत्या सॉफ्टवेअर आवृत्तीपासून चालते, याची प्रत्येक कंपनीने प्रसिद्ध केलेली आणि हँडसेट कंपनीने मान्य केलेली यादी. नकाशात कव्हरेज आहे, यादीत मॉडेल आहे, तरी फोन चालत नाही, असे झाले तर ज्या कंपनीकडे तक्रार आधी आली तिने ती स्वीकारावी, दुसरीशी स्वतः बोलावे आणि ग्राहकाला १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. दोघींत वाद असेल तर तो त्यांनी आपसात मिटवावा. ग्राहकाला दोन काउंटरांमध्ये फिरवू नये.

फोनच्या रचनेत शासनाने हात घालू नये, असेही म्हटले जाईल. परंतु पॅनिक बटणाशिवाय फोन विकू नयेत हा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. आपत्तीचे इशारे देणाऱ्या सेल ब्रॉडकास्टसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र नियम आले. कोणतेही ॲप फोनमध्ये घालायला आम्ही सांगत नाही आणि ग्राहकाची कोणतीही माहिती शासनाकडे जावी असेही नाही. विकणाऱ्याने विकलेल्या वस्तूची मुदत सांगावी, इतकीच ही अपेक्षा आहे. फसव्या डिझाइनविरुद्ध ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या अधिकाराने प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्याच अधिकारात हे बसते. नेटवर्कच्या यादीचा भाग तेवढा दूरसंचार विभाग आणि ट्राय यांच्या संमतीने करावा लागेल. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकावरील समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाला सादर झालेला आहे, त्याच्या अंमलबजावणीतच अपडेटची मुदत हा निकष घेता येईल.

तरी वरील मागण्यांनुसार मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा मराठीसह सर्व अनुसूचित भाषांत प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात, सुनावणीत शेतकरी, अंगणवाडी सेविका आणि रोजगार हमीवरील मजूर यांच्या प्रतिनिधींना बोलावावे, आणि या निवेदनावर केलेली कार्यवाही आम्हाला लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
महाराष्ट्रातील मोबाईलधारक ग्राहक