आधी काय सांभाळायचं?

सुटीच्या दिवशी आम्ही चार-पाच जण आरे कॉलनीत झाडांच्या नोंदी करत फिरतो. मी मरोळहून जातो, आमच्यातला एकजण तिथल्याच पाड्यावरचा, वारली घरातला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी तिथली २,१४१ झाडं पडली, सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत. झाड गेल्यावर नोंदच उरते.

या नोंदी सगळ्यांच्या फोनवर सारख्या राहाव्यात म्हणून आम्ही सिंकथिंग वापरतो. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, स्वयंसेवक ते लिहितात आणि फायली कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर साठत नाहीत. या प्रकल्पाने आपली उद्दिष्टं महत्त्वाच्या क्रमाने लिहून ठेवली आहेत. माहिती गहाळ होऊ नये, हे पहिलं. हल्लेखोरांपासून बचाव दुसरं, वापरायला सोपं असणं तिसरं. सगळीकडे चालणं पाचव्या क्रमांकावर. मला हा क्रम पटतो. तरी माझा घात त्यातच झाला.

गेल्या पावसाळ्यात रेंज नसताना दोघांनी एकच फाईल बदलली. सिंकथिंगने नियमाप्रमाणे दोन्ही प्रती ठेवल्या. एकीच्या नावाला 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' आणि आकड्यांची लांब शेपटी लावली. मी ती कचरा समजून पुसली. मग ती सगळ्यांच्याच फोनवरून गेली. जुन्या प्रती जपण्याची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते, आणि मी केली नव्हती. त्या फाईलमध्ये मित्राच्या आजीने सांगितलेली अकरा झाडांची वारली नावं होती. माझ्या घरी अशा गोष्टीला अमानत म्हणतात. पुन्हा विचारायला गेलो, तर आजीला सगळी आठवेनात.

चूक माझीच. पण यंत्राने माहिती जपली आणि माणसाने गोंधळून पुसली, तर तीही गहाळच झाली ना? म्हणून माझं म्हणणं, ज्या अडचणीमुळे माणूस चुकीचं बटण दाबतो, ती 'सोपेपणा'च्या रांगेत ठेवू नये. ती पहिल्या रांगेतली आहे. नव्या सोयी, आयफोन वगैरे नंतर बघू.

हे लिहिताना थोडी लाजही वाटते. फुकट राबणाऱ्यांना मी कामाचा क्रम सांगणारा कोण? सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. ते सांभाळणाऱ्याने कारण दिलं: गूगल प्लेवर ॲप टाकणं जवळजवळ अशक्य झालंय आणि नेटाने काम करणारं कुणी नाही. आम्ही दुसऱ्यांनी पुढे चालवलेल्या ॲपवर गेलो. ते बंद पडेपर्यंत आमच्यापैकी कुणी साधी चाचणीसुद्धा केली नव्हती.

सध्या दोन जुने फोन घेऊन बसलोय. दोन्हींवर मुद्दाम एकच फाईल बदलतो आणि काय दिसतं ते लिहून काढतो. आधी ते इंग्रजीत प्रकल्पाला कळवायचंय, मग आमच्या गटासाठी मराठीत एक पान. आजीकडून आतापर्यंत सात नावं परत मिळाली आहेत.