पंचाहत्तरी कुठे करावी?

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची साठी, पंचाहत्तरी जवळ आली की हल्ली आमच्या भागात पहिला प्रश्न निघतो तो हॉलचा. माणूस खोडदचा असो की मंचरचा, हॉल मात्र पुण्याकडचा हवा. लहान मुलांच्या वाढदिवसाविषयी मी बोलत नाही. त्यांना केक आणि फुगे मिळाले की ओसरीसुद्धा पुरते. प्रश्न मोठ्यांचा आहे. ज्या पिढीने स्वतःचा वाढदिवस कधी केला नाही, तिचा वाढदिवस आपण करायला निघालो आहोत, आणि तो कुठे करावा हे ठरवताना नेमके काय पाहायचे याचा विचार फारसा कोणी करीत नाही. आमच्या घरीही झाला नाही, म्हणून हा लेख.

आमच्या आजीची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. तिच्या वयाच्या कितीतरी माणसांची हीच तारीख असते. जन्माची नोंद नसलेले मूल शाळेत आले की गुरुजी वयाचा अंदाज घेत आणि जून महिन्यात शाळा सुरू होते म्हणून १ जून लिहून टाकीत. आजीच्या म्हणण्याप्रमाणे तिचा जन्म पोळ्याच्या आसपासचा. पण पोळा बँकेत चालत नाही, आणि हॉलच्या नोंदवहीतही चालत नाही. तेव्हा जूनचा पहिला रविवार ठरला. वळवाचा पाऊस आणि पेरणीआधीची मशागत यांचे ते दिवस. शेतकऱ्याच्या घरचे माणूस त्या दिवसांत मोकळे नसते, एवढी गोष्टदेखील कोणाच्या ध्यानात आली नाही.

थोरले काका भोसरीला कारखान्यात आहेत. त्यांनी तीन हॉल पाहिले. गाड्या लावायला जागा, गार हवा, व्यासपीठाची सजावट आणि ताटाचा दर हे चार मुद्दे त्यांनी वहीत लिहून घेतले होते. काका व्यवस्थित माणूस. जो हॉल पसंत पडला त्याची अट होती की किमान दीडशे ताटांचे पैसे भरावे लागतील, आणि वेळ मिळेल ती संध्याकाळी सात ते साडेदहा. सकाळची वेळ एका साखरपुड्याला गेलेली होती.

गावाहून चाळीस आसनांची बस ठरवली. दुपारी तीनला ती मारुतीच्या देवळापाशी उभी राहिली, तेव्हा आत अकरा माणसे बसली. बाकीच्यांची कारणे ऐकण्यासारखी होती, आणि एकही खोटे नव्हते. संध्याकाळी पाच ते सहा ही धारा काढण्याची वेळ; गाय पाहुणचार जाणत नाही. दुसरे कारण परतीचे. साडेदहाला निघालेली बस गावात पोहोचणार मध्यरात्र उलटल्यावर, आणि तिथून मळ्यापर्यंत उसाच्या कडेकडेने चालत जायचे. जुन्नर तालुक्यात बिबट्या ही वर्तमानपत्रातली बातमी नसून बांधापलीकडची वस्ती आहे. आजीची लहानपणापासूनची मैत्रीण, जिच्याबरोबर तिने पन्नास वर्षे खुरपणी केली, ती याच दोन कारणांनी आली नाही. बस निघाली आणि चाकणच्या गर्दीत अडकून पावणेसातला पोहोचली.

हॉलमध्ये आजीला लाल मखमली खुर्चीवर बसवले. लोक रांगेने येत, हात जोडत, फोटो काढत आणि जेवायला जात. गाणी इतक्या मोठ्याने लावली होती की आजीशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागे. तिला मुळात एका कानाने कमी ऐकू येते. काकांच्या कारखान्यातली माणसे मनापासून आली होती, त्यांना दोष नाही. पण आजी त्यांच्यातल्या चार-पाचांनाच ओळखत होती. चाळीसेक ताटे तशीच उरली. त्यांचे पैसे गेले ते गेलेच.

इथे मला आमच्या गावाचीच एक गोष्ट आठवते. खोडदला जगभरातून लोक येतात ते महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण पाहायला. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. त्यांतल्या चौदा मध्यभागी एक चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, ती माळ स्वस्त दिसला म्हणून नव्हे. आधी त्यांनी ठरवले की आपल्याला काय ऐकायचे आहे. अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ तरंग ऐकायचे, तर माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमीत कमी हवा. मग अक्षांश असा हवा की वरच्या वातावरणातला आयनांचा थर बऱ्यापैकी शांत असावा, तरीही दक्षिणेकडचे आकाश पुष्कळसे दिसावे. आणि पुण्यासारखे विद्येचे व उद्योगांचे शहर फार लांब नसावे. या अटींत खोडद बसले. आजही दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो. तीस अँटेनांना क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून एवढी काळजी घेतली जाते, आणि त्याच गावातल्या म्हातारीला तिच्या नातवाचा शब्द ऐकू येऊ नये अशी जागा आम्ही ताटाला पैसे मोजून घेतली.

याचा अर्थ शहरात वाढदिवस करूच नये, असा नाही. महर्षी कर्वे मूळचे कोकणातल्या मुरुडचे. १८ एप्रिल १९५८ रोजी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मोठा समारंभ झाला तो मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर, आणि पंतप्रधान नेहरू त्याला उपस्थित होते. तिथे कोणी म्हटले नाही की मुरुडला का केला नाही. स्त्रीशिक्षणाचे त्यांचे काम पुण्या-मुंबईत वाढले होते; त्यांची माणसे तिथे होती. डॉ. स्वरूप यांचेही तसेच. त्यांची नव्वदी २०१९ मध्ये आली, तेव्हा तिच्या निमित्ताने पुण्यात रेडिओ खगोलशास्त्राची परिषद भरली. ज्या माणसाने आयुष्यभर तोच विषय केला, त्याच्या वाढदिवसाला त्या विषयावर बोलणारी माणसे जमावीत, याहून योग्य काय असणार? शहर त्यांच्या बाबतीत सोयीचे होते आणि बरोबरही होते. आजीची माणसे कुठे आहेत, हा साधा प्रश्न काकांच्या वहीत पाचवा मुद्दा म्हणूनही नव्हता.

इथपर्यंत माझे मत पक्के झाले होते आणि घरी जेवताना मी ते ऐकवलेही. तेव्हा आई म्हणाली, “तुझं सगळं खरं. पण लग्न होऊन आल्यापासून त्या रात्री पहिल्यांदा मी तुझ्या आजीच्या शेजारी बसून गरम जेवले. गावात केला असता, तर तीनशे माणसांच्या चपात्या लाटायला कोण बसलं असतं? तू?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. गावातल्या कार्यक्रमाचे गोडवे गाणारे आम्ही बहुतेक जण पंक्तीत बसणारे असतो. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला हॉल म्हणजे एक दिवसाची सुट्टी असते, आणि ती तिला हवी असेल तर त्यात वाईट काही नाही. तेव्हा गाव चांगले आणि शहर वाईट, अशी सोपी विभागणी मी मागे घेतो. गावात करायचा तर आचारी आणि वाढपी पैसे देऊन आणावेत. ताटाचा दर शहरात देतो, तर इथे द्यायला हात का आखडावा? शहरात करायचा तर वेळ सकाळी अकराची घ्यावी, म्हणजे दुपारी निघून धारेच्या वेळेला माणूस गोठ्यात पोहोचते. हॉल तळमजल्यावरचा असावा. गाणी लावायची तर ती बोलणे थांबवणारी नसावीत. आणि सकाळची वेळ मिळत नसेल तर तारीख बदलावी. नाहीतरी १ जून ही गुरुजींचीच देणगी आहे!

मग मी एकदा आजीलाच विचारले. मला वाटले होते, ती म्हणेल की कशाला एवढा खर्च केला. ती म्हणाली, “हॉल लई झ्याक व्हता. खुर्ची तर अशी मऊ, उठूच वाटंना. पर ती दिसाउजेडी आली असती ना रं, तिला बी त्या खुर्चीवर बसवली असती.” ती म्हणजे ती मैत्रीण. आम्ही सगळे गाव की शहर म्हणून वाद घालत होतो आणि आजीला शहराची काहीच हरकत नव्हती.

आता येत्या वर्षी काकांची षष्ट्यब्दीपूर्ती आहे. साठ संवत्सरांचे चक्र पुरे होऊन माणूस आपल्या जन्मसंवत्सरात परत येतो, तो हा दिवस. माझ्या हिशेबाने हा समारंभ भोसरीलाच व्हायला हवा. काकांची पस्तीस वर्षांची माणसे तिथे आहेत. मी तसे सांगितले, वर सकाळी अकराची वेळही सुचवली, कारण आजीला आणि तिच्या मैत्रिणीला न्यायचे आहे. काका वही उघडून म्हणाले, “अरे, पण आमची पहिली पाळी साडेतीनला सुटते.” मी रविवार सुचवला. कारखान्याची सुट्टी गुरुवारी असते, हे मला ठाऊक नव्हते. गुरुवारी धाकट्याची शाळा आहे आणि माझे कॉलेज. वही अजून उघडीच आहे. पण या खेपेला पहिल्या ओळीत ताटाच्या दराऐवजी माणसांची नावे लिहिलेली मी पाहिली आहेत, आणि आजीच्या मैत्रिणीचे नाव त्यांत आहे.